जुबेदा सिस्टरची जांभळी जीभ

मला यादी केल्याशिवाय काही सुधरत नाही. भाजीची यादी, पाहुण्यांची यादी, उद्याच्या कामांची यादी, आणि या सगळ्या याद्या कुठं ठेवल्यात त्याची आणखी एक. जुबेदा सिस्टरविषयी लिहायचं ठरलं तेव्हाही मी पाठकोऱ्या कागदावर आधी मुद्दे काढले. टॉर्च. माझी पेनं. मिश्री. गुरुजींची कवळी. गुरुवार. सुमनची दाढ. जांभळं. कागद वाचला आणि लक्षात आलं, पेनं सोडली तर सगळं माणसाच्या तोंडाशी येऊन थांबतं. मग आठवलं, पेनंही त्या चावायच्याच.

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालयात मी औषधांच्या खिडकीत बसायचे. गावाचं नाव लिहीत नाही. सुमन हेही खरं नाव नाही. सिस्टरचा एक नियम होता, तो पुढं येईलच. तो मोडायचा नाही म्हणून. जुबेदा सिस्टर मात्र जुबेदा सिस्टरच. त्यांचं नाव बदललं असतं तर त्यांनी मला खिडकीतून ओढून बाहेर काढलं असतं.

सिस्टर दाताच्या ओपीडीला होत्या. दाताचे डॉक्टर सोमवारी आणि शुक्रवारी यायचे. बाकीचे दिवस ती खोली, ती खुर्ची आणि खुर्चीवरचा वाकडा दिवा सिस्टरच्या ताब्यात. उंची बेताची, आवाज उंचीच्या दुप्पट, कमरेला नाडीनं बांधलेला एक टॉर्च. रिकामी खुर्ची त्यांना बघवत नसे. मग त्या व्हरांड्यात यायच्या आणि केसपेपरच्या रांगेत जो कोणी पहिला दिसेल त्याच्यासमोर उभ्या राहायच्या.

"आ करा बाप्पा."

"सिस्टर, मले पायाले लागलं."

"पाय कुठी पळून चालला? आधी आ करा. मोठा आ. लाजू नोका, मी काही जेवाले नाही आली तुमच्या तोंडात."

मी रुजू झाले त्या दिवशी माझा आदेश कुणी वाचण्याआधी सिस्टरनी माझं तोंड वाचलं. "डाव्या बाजूनं चावत नाहीस तू. काऊन वं?" डावीकडची ती दाढ मी नवऱ्यापासूनसुद्धा लपवली होती. त्याच आठवड्यात माझी नाव, गाव, औषध, तारीख अशी चार रकान्यांची वही त्यांनी पाहिली आणि माझं बारसं केलं. तेव्हापासून मी यादीबाई. "यादीबाई, लिहून घे." "यादीबाई, तुह्या यादीत माहा लंबर कितवा?" स्वतः त्या काही लिहीत नसत. रजिस्टर भरायची वेळ आली की माझं पेन न्यायच्या, दोन ओळी लिहायच्या, टोपण चावायच्या आणि पेन विसरायच्या. सगळ्या तालुक्याची तोंडं त्यांच्या डोक्यात होती; कागदावर एकही नव्हतं.

स्वतःचं तोंड मात्र त्यांनी कधी कुणाला दाखवलं नाही. हसू आलं की ओढणी तोंडावर. खूप हसू आलं की भिंतीकडे पाठ. लहानपणापासून दातांना तंबाखूची मिश्री लावायची सवय होती आणि दात मुळाशी काळे पडले होते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांनी एकदोनदा म्हणून पाहिलं, "सिस्टर, बसा आज खुर्चीत." त्यांनी फडकं झटकलं. "खुर्ची पुसाले माहा हात हाय. बसाले दुसरे लई हायत." गुटखा खाणाऱ्या पोरांना त्या दिवसभर फैलावर घ्यायच्या आणि दुपारी चारला मागच्या नळावर जाऊन गुपचूप मिश्री लावून यायच्या. त्यांच्यात खोट नव्हती असं मला सांगायचं नाही.

ते बीटी कपाशीचे दिवस होते. नव्या बियाण्याच्या पाकिटांनी सुरुवातीला हवा अशी केली होती की आता अळी नाही आणि फवारणीही नाही. बोंडातली अळी खरंच कमी झाली. मग तुडतुडे आले, पांढरी माशी आली, पाऊस हुकला की पात्या, म्हणजे कपाशीच्या कळ्या, गळू लागल्या, आणि खाली ठेवलेला पंप पुन्हा माणसाच्या पाठीवर चढला. श्रावण-भाद्रपदात डोकं गरगरणारी, उलट्या होणारी, हातावर पुरळ आलेली माणसं आमच्याकडे रोज यायची. आणि वाळलेली माणसं तर इतकी की वाळलेपण डोळ्याला दिसेनासं झालं होतं. कुणी खंगला की गाव म्हणे, कापसानं खाल्ला. कुणाचं तोंड आलं की गाव म्हणे, फवाऱ्याचं विष चढलं. या दोन वाक्यांच्या आडोशाला एचआयव्ही निवांत बसला होता. त्याला कुणी शोधत नव्हतं, कारण प्रत्येक लक्षणाला कपाशीचं कारण तयार होतं.

सिस्टरना ते कारण पुरत नसे. त्यांचं एक वाक्य होतं, मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे: "चिंतेनं माणूस वाळते. पण चिंतेनं जिभीवर दही नाही विरजत."

दही म्हणजे ती पांढरी बुरशी. जिभेवर, टाळूवर, गालांच्या आतून दह्याच्या कवड्यांसारखे ठिपके. सिस्टर बोटाला कापडाची पट्टी गुंडाळून हलकेच पुसून पाहायच्या. निघालं आणि खाली लालभडक दिसलं तर बुरशी. निघालं नाही तर बहुधा तंबाखू-चुन्याचा डाग, आणि तोही डॉक्टरांना दाखवायचाच. अंगातली ताकद खचली की ही बुरशी फोफावते. तिखट लागत नाही, चव जाते, घास उतरत नाही, माणूस खात नाही आणि आणखी खचतो. सिस्टर कुणाला आजाराचं नाव सांगत नसत. तो त्यांचा अधिकार नव्हता आणि स्वभावही नव्हता. त्या फक्त म्हणायच्या, "रक्त तपासून घे. शंका कशाले ठेवतं?" आणि स्वतः सोबत जाऊन तपासणीच्या खोलीच्या दाराशी बसायच्या, दाराकडे पाठ करून.

प्रत्येक पांढरी जीभ त्या आजाराची नसते, हेही त्याच सांगायच्या. एक निवृत्त गुरुजी आले होते. कुठून तरी अर्धवट ऐकून आलेले, टाळूवर लाल-पांढरं झालेलं, घाबरून अर्धे झालेले. बंद खोलीत डॉक्टरांना म्हणाले, मी आयुष्यभर सरळ वागलो, मला हे कसं झालं? डॉक्टर काही बोलायच्या आत सिस्टरनी टॉर्च मारला.

"गुरुजी, रात्री कवळी काढून झोपता का?"

"नाही. का बरं?"

"काऊन नाही?"

गुरुजींनी दार नीट लागलंय का ते पाहिलं. मग म्हणाले, "घरी सुना आहेत. बोळकं दिसतं."

"सुनाइले बोळकं दिसू द्या, पण तोंडाले हवा लागू द्या. रात्री कवळी पाण्यात, सकाळी घासून तोंडात." डॉक्टरांनी साखरही तपासून घेतली, ती बरी निघाली. गुरुजी पंधरा दिवसांनी पेढे घेऊन आले. सिस्टरनी पेढा घेतला आणि त्यांचाच आ करायला लावला.

आता तो नियम. मी नवीन असताना बुधवारच्या बाजारात सिस्टरसोबत गेले होते. समोरून आमचा एक पेशंट आला. सकाळीच त्याला मी औषध दिलं होतं, म्हणून मी हसून विचारलं, "काय, बरं वाटतंय का आता?" त्याचा चेहरा पडला. सोबतची बायको त्याच्याकडे बघू लागली. सिस्टर पुढं निघूनही गेल्या होत्या, वांग्यांच्या ढिगापाशी. मी तिथं पोचल्यावर वांगं दाबून पाहत म्हणाल्या, "फाटकाच्या बाहेर आपण कोणाले ओळखत नाही. त्यानं आपल्याले ओळखलं तर ओळखलं. नाही तर आपण वांगे घ्याले आलो."

म्हणूनच माणसं त्यांच्याकडे लांबून यायची. जवळच्या दवाखान्यात ओळखीचं कुणी भेटेल ही भीती, त्यामुळे प्रत्येकाचा दवाखाना दुसऱ्याच्या तालुक्यात. एक जण पार वडनेर भोलजीकडून, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाहून, तीन गाड्या बदलून यायचा. घरी सांगायचा, लोणारचं तळं पाहायला चाललो.

"दर महिन्याले तळं पाहतं तू," सिस्टर म्हणायच्या. "बायको इचारत नाही, एवढं काय हाय त्या तळ्यात?"

"तिले सांगितलं, खारं पाणी हाय, खाजेले चांगलं."

"मंग एखाद्या खेपेले बाटली भरून नेत जाय बे. उद्या तिले खाज सुटली म्हणजे?"

सुमन मात्र जवळचीच होती. सहा मैलांवरच्या खेड्यातली, कापूस वेचायला जाणारी. नवरा आदल्या वर्षी गेला होता. तोही कापसानंच गेला, असं गाव म्हणालं. ती आली होती पोराला खोकला म्हणून. सिस्टरनी पोराचा आ पाहिला आणि मग तिचा. पोराचं तोंड स्वच्छ होतं, रक्तही स्वच्छ निघालं. तिचं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी तिच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पुढं दर महिन्याला त्या माझ्या खिडकीतून मिळू लागल्या. सोबत तोंडाला लावायला जांभळं औषध आणि चघळायच्या गोळ्या. दोन-तीन महिन्यांत जीभ गुलाबी झाली, गाल भरू लागले. "आता तिले भूक लागते," सिस्टर सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या, म्हणजे फाटकाच्या आत आम्हा दोघा-तिघांना. गोळ्या मात्र जन्मभराच्या, एक दिवसही न चुकवायच्या. त्या चुकल्या की दही परत विरजणार आणि मागोमाग बाकीचं सगळं. हे सुमनला पाठ होतं. पोराला तिच्याशिवाय कुणी नव्हतं, हेही.

आणि मग मी सुधारणा केली.

कारणं चांगली होती. मी ती लिहूनही काढली होती. खिडकीत गर्दी असते, मागचा माणूस ढकलतो, "ही गोळी चघळायची, गिळायची नाही" हे हळू आवाजात सांगता येत नाही. एका बाबांनी तर महिनाभराच्या चघळायच्या गोळ्या पाण्यासोबत गिळून टाकल्या होत्या. म्हणून मी या पेशंटांसाठी वेगळी वेळ ठरवली. गुरुवार, दुपारी दोन ते चार. बाकी ओपीडी बंद, व्हरांडा मोकळा, जांभळ्या शिश्या आधीच चिठ्ठ्या लावून तयार. रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी कौतुक केलं. सिस्टर दारात उभं राहून म्हणाल्या, "यादीबाई, तुही रांग लई सरळ हाय." मी ते कौतुकच समजले.

गाव सरळ रांगेकडे सगळ्यात आधी पाहतं. दीड-दोन महिन्यांत फाटकासमोरच्या चहावाल्याला गुरुवार म्हणजे काय ते कळलं. जीपवाले "चला गुरुवारवाले" म्हणून हसायला लागले. आणि जांभळं औषध लपत नाही. जीभ, ओठांच्या कडा, पदर, सगळ्यावर डाग. जांभळं तोंड दिसलं की माणसं एकमेकांना कोपर मारू लागली. माझ्या वहीत रकाने रिकामे राहू लागले. वडनेर भोलजीच्या माणसाचं तळं बंद झालं. आणि एका गुरुवारी सुमनच्या नावापुढं मी लाल गोल काढला. पुढच्या गुरुवारी दुसरा.

सिस्टरची एक नणंद खेड्याखेड्यांत बांगड्या विकायची. तिच्याकडून कळलं. शेतमालकिणीनं सगळ्यांदेखत सुमनला विचारलं होतं, "तुह्याही तोंडाले गुरुवार लागला का वं?" विचारून ती हसली होती, बाकीच्याही हसल्या. दुसऱ्या दिवसापासून सुमनचा पाण्याचा गिलास वेगळा झाला. मग तिनं जांभळं औषध उकिरड्यात टाकलं आणि आमच्या फाटकाकडे यायचं सोडलं. गोळ्या संपून तीन आठवडे झाले होते.

सिस्टर माझ्या खिडकीशी आल्या. सकाळची वेळ, मागं पंधरा-वीस माणसांची रांग. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलणार. त्या म्हणाल्या, "गुरुवार बंद कर. अन् थे जांभळी शिशी दे इकडे."

मी दिली. त्यांनी काडीला कापूस गुंडाळला, शिशीत बुडवला, ओढणी खांद्यावर टाकली आणि स्वतःचा आ केला. इतक्या वर्षांत मी त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले. खरंच काळे होते. जीभ, गाल, ओठांच्या कडा, सगळं त्यांनी सावकाश रंगवलं. मग रांगेकडे वळून जीभ बाहेर काढली.

"काय पाहता? तोंड आलं मले. तुमचं येत नाही?"

डॉक्टरांनी सोमवारी विचारलं, "सिस्टर, हे काय?" सिस्टर पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसल्या आणि गाल ओढून दाखवला. मिश्रीनं खरंच आतून चिरला होता. डॉक्टरांनी आधी गाल पाहिला आणि मग सिस्टरकडे पाहिलं. जांभळं तोंड सगळ्यांचंच झालं तर ते कुणा एकाचं राहणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. तोंड आलेल्यांना हे औषध चालणारं होतं, नुकसान काही नव्हतं. त्या दिवसापासून आमच्याकडे ज्याचं ज्याचं तोंड आलं त्याला जांभळं औषध. फवाऱ्याचा हंगाम, गुटखा, ठेच्याचं तिखट. तोंड आलेल्यांना आमच्याकडे तोटा नव्हता. एसटीचा ड्रायव्हर जांभळा झाला. तलाठी कार्यालयातले बाबू झाले. हायस्कूलच्या पोरी झाल्या. चहावाल्याला सिस्टरनी स्वतः जाऊन गाठलं.

"आ कर बे."

"मले काही नाही झालं सिस्टर!"

"गुटख्याची पुडी कोणाची मंग, तुह्या आज्याची? आ."

चार दिवस तो जांभळ्या जिभेनं चहा विकत होता आणि गुरुवार हा शब्द काढत नव्हता. सिस्टरच्या घरी त्यांचे मियाँ, शिलाईचं दुकान असलेले शांत गृहस्थ, म्हणाले म्हणे, "बेगम, स्याही की दवात पी गई क्या?" हे सिस्टरनीच आम्हाला सांगितलं, आणि ओढणी तोंडाला न लावता हसल्या.

पण सुमन आली नव्हती. "थे इकडे येत नाही, तं आपण तिकडे जाऊ," सिस्टर म्हणाल्या. मला वही घ्यायला लावली. "पण नाव लिहू नोको. नुसती धर. वही पाहून माणूस सरळ उभं राह्यते."

आम्ही पोचलो तेव्हा त्या शेतात पहिला वेचा होता. पहिल्या वेच्याला आमच्याकडे सीतादही करतात. कपाशीच्या झाडाची पूजा, दहीभाताचा नैवेद्य, मग वेचणाऱ्या बायका बांधावर बसून तोच दहीभात खातात. बोंडं फुटून रान पांढरं झालं होतं, तरी मागच्या सालाइतकं नाही, हे मालकीण आम्ही न विचारता दोनदा म्हणाली. सुमन जरा लांब, बाभळीखाली बसली होती. द्रोणातला दहीभात ती बोटानं इकडून तिकडे करत होती. एक घास घेतला. दहीभातासारखा मऊ घास, तोही तिनं पाण्यासोबत ढकलला आणि तो उतरेपर्यंत डोळे मिटून घेतले. सिस्टरनी माझं मनगट दाबलं. म्हणजे बुरशी घशाखाली उतरली होती. वेळ फार नव्हता.

सिस्टर मात्र सुमनकडे गेल्या नाहीत. त्या सगळ्यांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि जीभ बाहेर काढली. बायका किंचाळल्या, मग हसू लागल्या.

"अवं माय! सिस्टर, या दिवसात जांभळं कुठी भेटले?" मालकीण म्हणाली.

"दवाखान्यात. चला, सगळ्या उभ्या राहा. फवाऱ्याच्या रानात वेचणाऱ्याइचे तोंडं पाहाचा हुकूम हाय."

"कोणाचा हुकूम?"

"माहा. पहिला लंबर तुहा. आ कर."

मालकिणीच्या गालाला चुन्यानं फोड आला होता. तिला भरपूर रंगवलं. मग एकेक जण पुढं येऊ लागली. रंगवलेल्या बायका एकमेकींच्या जिभा पाहून लोळायच्या बाकी होत्या. सुमनला पळायला वाट नव्हती आणि पळण्याचं कारणही उरलं नव्हतं. तिचा नंबर दहा-अकरावा असेल. तिनं तोंड उघडलं. मी बाजूलाच उभी होते. टाळू, जीभ, घशाच्या तोंडापर्यंत पांढरं, ओठांच्या कडा चिरलेल्या. मला वाटलं, आता सिस्टर काही बोलतील, निदान थबकतील. जितका वेळ आधीच्या बाईला दिला तितकाच तिला दिला. काडी फिरवली.

"दाढ किडली तुही. मागची. सोमवारी दाताचा डॉक्टर येते, दाखवून जाय. हं, पुढची."

तिची दाढ चांगली होती. मी पाहिली होती.

मालकीण जांभळ्या तोंडानं म्हणाली, "जाऊन ये वं सुमने सोमवारी. दाढीचं दुखणं लई बेकार. माही दुखली तवा मी भिंतीले डोकं आपटलं होतं." सुमननं मान हलवली. ती कुणासाठी हलवली, ते कळलं नाही.

सोमवारी दाताच्या ओपीडीला नेहमीची गर्दी. अकरा वाजले, बारा वाजले. मी खिडकीतून फाटकाकडे पाहत चुकीच्या बाटल्या काढत होते. सिस्टर एकदाही बाहेर आल्या नाहीत. साडेबाराला सुमन आली. गालाला रुमाल बांधून, एका हातानं गाल धरून, कण्हत. रस्ताभर अशीच आली असणार. ती दाताच्या खोलीत गेली, दार बंद झालं, आणि आतून सिस्टरचा आवाज आला, बाहेरच्यांसाठी काढलेला: "अय माय, केवढी किडली वं!"

त्या दिवशी तिच्या घशाच्या कॅप्सूल सुरू झाल्या. बंद पडलेल्या गोळ्यांसाठी पुन्हा जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागलं. तिथंही ती दाढेसाठीच गेली. नंतर दर महिन्याला सोमवारी. ती दाढ वर्षानुवर्षं दुखत राहिली. चांदी भरून झाली, मुळाचं काम झालं, कॅप बसवून झाली. "एका दाढीले एवढा इलाज मी तालुक्यात नाही पाह्यला," मालकीण कुणाला तरी म्हणाल्याचं बांगड्यांच्या टोपलीतून आमच्यापर्यंत आलं. हळूहळू बाकीचेही परतले. कुणाची दाढ, कुणाची हिरडी, कुणाची कवळीची मापं. वडनेर भोलजीच्या माणसाचं तळं पुन्हा सुरू झालं.

मी एकदा धीर करून विचारलं, "सिस्टर, त्या दिवशी मला काहीच का बोलला नाहीत?"

त्या माझ्या पेनाचं टोपण चावत होत्या. "काय बोलाचं? तुले वाटलं, दुखलेलं माणूस रांगेत उभं राह्यते. थे नाही राह्यत वं. थे लपते. आपण लपाले चांगली जागा द्याची."

निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली. सिस्टर कंटाळून दोनदा बाहेर जाऊन आल्या. संध्याकाळी त्यांनी माझ्या खिडकीत मलमाचा एक रिकामा डबा ठेवला. उघडला तर आत पेनं. इतक्या वर्षांची, सगळी माझी, सगळ्यांची टोपणं चावलेली. "मोजून घे, यादीबाई," म्हणाल्या. मी मोजली नाहीत. मिश्री त्यांची शेवटपर्यंत सुटली नाही. त्या चिखलीला लेकीजवळ राहायला गेल्या.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं. माझीही बदली होऊन बरीच वर्षं झाली होती. जूनचा शेवट, कपाशीची लागवड उरकलेली, चिखलीच्या स्टँडवर मी लोणारच्या गाडीची वाट पाहत होते. फलाटाच्या कडेला एक बाई जांभळांची टोपली घेऊन बसली होती, पळसाच्या पानांचे द्रोण लावून. समोर एक म्हातारी उकिडवी बसून हुज्जत घालत होती.

"शीग लाव. वरून सपाट नोको करू."

"शीगच हाय आजी. अजून लावली तं घरंगळते."

आवाज ओळखीचा वाटला म्हणून वळले. म्हातारी जुबेदा सिस्टर होत्या. केस पांढरे, टॉर्च नव्हता. जांभळंवाली सुमन होती. अंगानं भरलेली, गळ्यात मण्यांची माळ, शेजारी रिकामी झालेली दुसरी टोपली. दोघी एकमेकींना जन्मात पाहिलं नाही अशा भांडत होत्या. सिस्टर द्रोण घेऊन उठल्या आणि माझ्या अगदी शेजारून गेल्या. नजर माझ्यावरून अशी फिरली जशी खांबावरून फिरावी. आम्ही फाटकाच्या बाहेर होतो.

मीही टोपलीशी गेले. "गोड आहेत का?" मी विचारलं.

सुमननं द्रोण भरला, वर शीग लावली, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "घ्या ना मॅडम. गोडबी हायत अन् मऊबी. दाढीलेसुद्धा तरास नाही होत."

गाडी लागली. मी खिडकीची जागा धरली. फलाटावर सगळीकडे जांभळं खाणारी माणसं. पोरं एकमेकांना जिभा दाखवत होती, एक कंडक्टर आरशात ओठ पुसत होता. गाडी मागं सरकली तेव्हा सिस्टर खांबाला टेकून बसलेल्या दिसल्या. त्यांनी वर पाहिलं. ओढणी खांद्यावरच होती. त्यांनी मोठा आ केला आणि पूर्ण जीभ बाहेर काढली, मुळापर्यंत जांभळी.

मी द्रोणातलं जांभूळ तोंडात चुरलं आणि खिडकीतून जीभ बाहेर काढली. ती तशीच असताना शेजारी कुणीतरी खाकरलं. कंडक्टर तिकिटाचं यंत्र घेऊन उभा होता.

"लोणार एक," मी म्हटलं.